आधी खंदक शोधा, मग टेकाड

इंदूरहून उज्जैनला जाताना सांवेरच्या आसपास शेतांत मधूनच एखादा उंचवटा दिसतो. गाडीतलं कुणीतरी लगेच म्हणतं, “इथे नक्की काहीतरी पुरलेलं असणार.” असेलही. पण उंचवट्याकडे बघत बसून ते कळत नाही. आधी त्याच्या भोवतीची जमीन बघावी लागते. एवढी माती आली कुठून? जिथून उचलली तिथे खड्डा पडलाच असणार, आणि तो भरून आला तरी त्याची खूण राहते. माणसाने घातलेला कोणताही मातीचा बांध किंवा ढीग बघताना पहिला प्रश्न हाच. खड्डा कुठे आहे, कोणत्या बाजूला आहे, सलग आहे की तुटक, यावरून निम्मं उत्तर मिळतं.

ही पद्धत सर्वात स्वच्छ दिसते ती दक्षिण इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात. तिथे वरती वीतभर माती आणि खाली खडूचा पांढरा मऊ खडक. खणलं की पांढरं वर येतं, त्यामुळे साडेचार ते पावणेसहा हजार वर्षांपूर्वीच्या नवाश्मयुगीन लोकांनी, म्हणजे दगडाची हत्यारं वापरणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांनी, बांधलेली कामं तेव्हा हिरव्या माळावर लांबून झळकत असणार. आज सगळ्यावर गवत आहे. तरी चर आणि बांध यांची जोडी ओळखू येते.

तिथली सर्वात जुनी मोठी कामं म्हणजे तुटक खंदकांची आवारं. एव्हबरी गावाजवळच्या विंडमिल हिलवर असे तीन खंदक एकात एक आहेत आणि बाहेरच्याचा व्यास साडेतीनशे मीटरांहून जास्त आहे. काळ इ.स.पू. ३७०० ते ३६०० च्या दरम्यानचा. अलेक्झांडर कीलरने १९२५ ते १९२९ या काळात ते खणलं. यातला एकही खंदक सलग नाही. थोडा खणायचा, मग न खणलेली पट्टी सोडायची, पुन्हा थोडा खणायचा. संरक्षणासाठी असा खंदक कुणी काढणार नाही, शत्रूला जागोजागी वाट कोण ठेवेल? प्रत्येक तुकडा वेगळ्या गटाने, बहुधा वेगळ्या कुळाने, आपापल्या वाट्याचा म्हणून खणला असावा, हे आज बहुतेक अभ्यासकांना पटतं. खंदकांच्या तळाशी गुरांची हाडं आणि खापरं मिळतात. कचरा भिरकावल्यासारखी ती पडलेली नाहीत, रचून ठेवलेली दिसतात. काही तुकडे बुजले की पुन्हा उकरले आहेत. म्हणजे लोक जमायचे, जेवायचे, ठेवायचं ते ठेवून निघून जायचे.

याच सुमाराची लांब टेकाडं, म्हणजे लाँग बॅरो. वेस्ट केनेटचं टेकाड सुमारे १०० मीटर लांब आहे, इ.स.पू. ३६५० च्या आसपासचं. माती दोन्ही लांब कडांना समांतर खणलेल्या चरांतून आली. टोकांना चर नाही. ही ओळखीची पक्की खूण: लांबट उंचवटा, दोन्ही बाजूंना चर, टोकं मोकळी. शेतकऱ्याचा किंवा तलावाचा बांध असेल तर चर सहसा एकाच बाजूला मिळतो, कारण फावड्याने माती एकाच बाजूने ओढणं सोपं पडतं.

आत शिरलं की मोठ्या दगडांच्या पाच खोल्या लागतात, त्या सगळ्या पूर्वेकडच्या टोकाला. शंभर मीटरांच्या टेकाडात प्रेतांसाठी वापरलेली जागा जेमतेम बारा मीटर, बाकी नुसतं टेकाड. स्टुअर्ट पिगट आणि रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९५५-५६ मध्ये खणलं तेव्हा किमान ३६ माणसांची हाडं निघाली. ती अखंड सांगाड्यांच्या रूपात नव्हती. काही कवट्या आणि मांडीची हाडं कमी होती, उरलेली सरकवून, गटागटाने ठेवलेली होती. नंतरच्या काळमापनातून कळलं की पहिली दफनं फार तर एका पिढीत उरकली. खोल्या मात्र त्यानंतर शेकडो वर्षं उघड्या होत्या, मग त्या मातीने भरून मोठे दगड लावून बंद केल्या.

टेकाड आहे म्हणजे आत प्रेत आहेच, असंही धरून चालू नये. एव्हबरीजवळच साउथ स्ट्रीट नावाचं लांब टेकाड १९६०च्या दशकात खणलं तर आत एकही पुरलेला माणूस नाही. पण टेकाडाखाली जुनी जमीन जशीच्या तशी दबलेली होती आणि तिच्यावर नांगराच्या आडव्या-उभ्या रेघा स्पष्ट होत्या. टेकाड घालण्याआधी तिथे शेत होतं. त्या मातीतल्या गोगलगायींच्या शंखांवरून जॉन इव्हान्स यांनी दाखवलं की शेताच्याही आधी तिथे जंगल होतं. सावलीत राहणाऱ्या जाती वेगळ्या, उघड्या गवतावरच्या वेगळ्या. टेकाडाखालची ही दबलेली जमीन बहुतेक वेळा टेकाडातल्या वस्तूंपेक्षा मोलाची ठरते, आणि खजिना शोधणारा नेमका हाच थर फोडून पुढे जातो.

लांब असेल तर नवाश्मयुगीन, गोल असेल तर बहुधा त्यानंतरच्या कांस्ययुगातलं, असा ढोबळ नियम आहे. विल्टशरमधल्याच स्टोनहेंज या प्रसिद्ध शिळावर्तुळाच्या भोवतीची शेकडो गोल टेकाडं कांस्ययुगातली आहेत. सोन्याच्या वस्तूंसाठी गाजलेलं बुश बॅरो त्यातलंच, विल्यम कनिंग्टनने १८०८ मध्ये उघडलेलं. फोटोखाली “पाच हजार वर्षांपूर्वीची नवाश्मयुगीन थडगी” लिहून गोल टेकाडं दाखवणारे लेख मराठीतही भरपूर फिरतात. आधी आकार बघावा.

आता खंदक कोणत्या बाजूला, हा प्रश्न. किल्ल्याचा खंदक तटाच्या बाहेर असतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. शत्रू आधी खाली उतरला पाहिजे आणि मग चढला पाहिजे. हेंज नावाच्या नवाश्मयुगीन गोल आवारांत हे नेमकं उलटं आहे: खंदक आत, बांध बाहेर. एव्हबरीचा खंदक मुळात सुमारे ९ मीटर खोल होता, हॅरल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी १९०८ ते १९२२ या काळात तळापर्यंत जाऊन ते दाखवलं. आज तो निम्म्याहून अधिक भरलेला दिसतो. त्याच्या बाहेर मोठा बांध, आत युरोपातलं सर्वात मोठं दगडी वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या पोटात आज अर्धं खेडं वसलेलं. असा खंदक बाहेरच्याला अडवत नाही. बांधावर उभं राहून आत बघता येतं, पण आत जायचं तर ठरवलेल्या प्रवेशांतूनच. वेगळी, राखलेली जागा आखून घेणं हा त्याचा हेतू असावा.

गंमत म्हणजे स्टोनहेंज स्वतः या नियमात बसत नाही. तिथला इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा, शंभर-सव्वाशे मीटर व्यासाचा खंदक मुख्य बांधाच्या बाहेर आहे. तरी तो किल्ला नाही. उथळ आहे, तुकड्या-तुकड्यांनी खणलेला आहे आणि आत दहनाच्या अस्थी पुरलेल्या आहेत. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. बाजू, खोली, सलगपणा आणि तळाशी काय सापडतं, हे चारही एकत्र लावावं लागतं.

कर्सस हा याहून विचित्र प्रकार. दोन समांतर चर, त्यांच्या आतल्या अंगाला लहान बांध, आणि अशी पट्टी कोसभर किंवा त्याहून लांब गेलेली. स्टोनहेंजजवळचा जवळपास ३ किलोमीटर लांब आणि १०० ते १५० मीटर रुंद आहे. विल्यम स्टक्लीने तो १७२३ मध्ये पाहिला आणि रोमन लोकांचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान ठरवला. प्रत्यक्षात तो रोमनांच्या तीन हजारांहून जास्त वर्षं आधीचा निघाला. शेजारच्या डॉर्सेट परगण्यातला कर्सस तर सुमारे १० किलोमीटरचा आहे. त्याच्या एका टोकापासून पाहिलं तर वर्षातल्या सर्वात लहान दिवशी सूर्य टेकडीवरच्या एका लांब टेकाडामागे मावळतो. मिरवणुकीची वाट असावी हा तर्क त्यातल्या त्यात बरा वाटतो. मात्र कर्ससच्या आत वापराच्या खुणा फार थोड्या सापडतात, त्यामुळे त्यावर छातीठोक बोलणाऱ्याचं जरा जपूनच ऐकावं.

सिल्बरी हिल हे या सगळ्यांत थोरलं. उंची ३९ मीटर, पायाचा व्यास सुमारे १६० मीटर, काळ इ.स.पू. २४०० च्या आसपास. माती भोवतीच्या प्रचंड खंदकातून आली, पावसाळी हिवाळ्यात त्यात आजही पाणी साचतं. आत काय आहे? थडगं नाही, खोली नाही. आधी खडीचा छोटा ढीग, मग माती आणि हिरवळीच्या चकत्या, मग खडूचे थरावर थर, असं ते पुन्हा पुन्हा वाढवत नेलेलं आहे. पण हे कळायला माणसांनी जे केलं त्याची किंमत टेकाडाने मोजली. १७७६ मध्ये खाणकामगार लावून माथ्यापासून तळापर्यंत उभी विहीर खणली. १८४९ मध्ये बाजूने बोगदा. १९६८ मध्ये ॲटकिन्सनने आणखी एक बोगदा सुरू केला, टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांसमोर. एकही काम नीट भरून बंद केलं नाही. मे २००० मध्ये १७७६ च्या विहिरीतला भराव खचला आणि माथ्यावर मोठा खड्डा पडला. तपासणीत आतल्या पोकळ्या वर सरकताना दिसल्या. शेवटी २००७-०८ मध्ये बोगदा पुन्हा उघडून, नोंदी घेऊन, खडूचा भराव दाबून तो कायमचा बंद करावा लागला.

वरून सरळ खाली खणायची ही हौस आपल्याकडेही झालीच. सांचीच्या मोठ्या स्तूपात १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सनने वरपासून पायापर्यंत भोक पाडलं, अस्थिकलश मिळाला नाही, आणि एका बाजूचा स्तूप ढासळून कठड्याचीही हानी झाली. जॉन मार्शलने १९१२ ते १९१९ च्या दुरुस्तीत तो सावरला, आज आपण बघतो ते बऱ्याच अंशी त्या दुरुस्तीचं फळ. ढीग भराव्याचा असतो आणि एकमेकांवर टेकलेल्या थरांच्या वजनाने उभा राहतो. मधोमध पोकळी केली की वरचं वजन तिच्या कडांवर येतं, पाणी तिथून आत उतरतं, माती फुगते, सैल होते आणि पोकळी वरवर चढत जाते. पडझड लगेच होत नाही, म्हणून खणणारा निर्धास्त राहतो. कुठल्याही देशात टेकाडाच्या माथ्यावर बशीसारखा खळगा दिसला तर समजावं की आपल्या आधी कुणीतरी येऊन गेलं आहे.

माळव्यात हा सगळा हिशोब लावताना मातीने घातलेला घोळ आधी समजून घ्यावा लागतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगा हाताच्या कोपरापर्यंत सहज जातात, कधी त्याहून खोल. वरचं खापर, मणी, अगदी काल पडलेलं बाटलीचं झाकणही भेगेतून खाली जातं. पावसाळ्यात माती फुगून भेग मिटते. हजार वर्षं हे चाललं की वरचं खाली, खालचं वर. त्यामुळे काळ्या मातीत “तीन फुटांवर सापडलं म्हणजे जुनं” या बोलण्याला अर्थ नाही. दुसरी गोष्ट, काळ्या मातीत काढलेल्या खंदकाच्या कडा उभ्या राहत नाहीत. पहिल्या दोन-चार पावसाळ्यांतच त्या आत ढासळतात.

इंग्लंडमध्ये हे मोजून पाहण्यासाठी १९६० मध्ये ओव्हरटन डाउन इथे खडूवर एक बांध आणि खंदक मुद्दाम बांधला. तो २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी थोडा थोडा खणून बघायचा असं ठरलं. बांधात कापड, कातडं, लाकूड, हाडं ठरावीक जागी पुरून ठेवली, ती कशी कुजतात हे बघायला. खणायला हरणांच्या शिंगांच्या कुदळी आणि गुरांच्या खांद्याच्या हाडांची फावडी वापरूनही काम करून पाहिलं, आणि ते अपेक्षेपेक्षा बरंच वेगाने झालं. शिकायला मिळालं ते असं: खंदक सुरुवातीच्या थोड्या वर्षांतच झपाट्याने भरतो, हिवाळ्यात गोठणं-वितळणं कडा फोडत राहतं, आणि गवत धरलं की भरणं जवळपास थांबतं. आपल्याकडे हिमाचं काम मृगाचा पाऊस करतो. आज खंदक उथळ दिसतो म्हणून तो मुळातच उथळ होता, असं म्हणू नये.

काळ्या मातीची एक सोय मात्र आहे. तिच्याखाली मुरूम असतो, पिवळट-तांबूस, आणि तो आपोआप वर येत नाही. काळ्या मातीच्या वर मुरमाचा थर दिसला तर कुणीतरी काळी माती पार करून खाली खणलं होतं, हे नक्की. विल्टशरमध्ये गवताखाली जे काम खडू करतो, तेच इथे मुरूम करतो. पण लगेच हुरळून जाऊ नका. विहीर खणली की तिच्या काठी मुरमाचा कडा पडतोच. सरकारी योजनेतून झालेल्या शेततळ्यांच्या, लोक ज्यांना बलराम तालाब म्हणतात त्यांच्या, चहूबाजूंना असेच बांध आहेत. पाइपलाइनीच्या कडेला लांबट ढीग राहतात आणि पाच वर्षांत गवत धरून थेट लाँग बॅरोसारखे दिसू लागतात. जुन्या वीटभट्टीची जागा तर हमखास फसवते, कारण गोल उंचवटा, भाजलेली लाल माती, राख, सगळं मिळतं. तिथे विटांच्या तुकड्यांची जाडी बघावी. आजच्या भट्टीची वीट लहान आणि जाड, मौर्यकाळातली वीट लांब-रुंद आणि पसरट.

राहता राहिल्या खऱ्या जुन्या जागा. त्यांत सर्वात जास्त आहेत त्या पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या टेकाडांच्या. मातीची घरं पडली, त्यावर नवी बांधली, राख-शेण-खापरं साठली, असं शेकडो वर्षं होत गेलं की टेकाड तयार होतं. भोवती त्याला जुळणारा खंदक नसतो, कारण माती एकदम एका जागेहून आलेलीच नसते. उज्जैनच्या पूर्वेला छोटी काली सिंधच्या काठी असलेलं कायथा असंच. विष्णु श्रीधर वाकणकरांनी ते १९६४ मध्ये शोधलं आणि मग खणलं, १९६७-६८ मध्ये झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी पुन्हा खणलं. बारा मीटरांच्या आसपास थर, सर्वात खालचे इ.स.पू. २००० च्याही आधीचे. इंदूर शहराच्या पोटात, आझादनगरच्या बाजूला, अशीच ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडाबरोबर तांबंही वापरणाऱ्या लोकांची, वस्ती मिळालेली आहे. अशा टेकाडाची माती खत म्हणून आजूबाजूच्या शेतांत नेण्याची जुनी सवय आहे आणि त्यानेच सर्वात जास्त टेकाडं संपली. कडा उभी कापलेली दिसते ती त्यामुळे.

या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी मृतांसाठी टेकाडं घातली नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात घालत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना बऱ्याचदा पावलं तोडलेली असत. इंग्लंडमधला मेलेला माणूस सगळ्या शिवाराला दिसेल अशा जागी, तर इथला चुलीपासून चार हातांवर.

खंदक-बांधाचं आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण उज्जैनलाच आहे, गढकालिका मंदिराच्या बाजूला. नी. र. बॅनर्जी यांनी १९५५ ते १९५८ या काळात तिथे खणलं. तट निव्वळ मातीचा, पायाशी सुमारे ७५ मीटर रुंद, शिल्लक उंची सुमारे १४ मीटर. एका अंगाला शिप्रा आणि जिथे नदी नाही तिथे तटाबाहेर खंदक, त्याचीच माती तटाला घातलेली. खंदक बाहेर, सलग, नदीशी जोडलेला. इथे समारंभाचा वगैरे प्रश्नच येत नाही, हा नगराचा बचाव आहे आणि जमल्यास पुरापासूनही. एव्हबरी आणि उज्जैन शेजारी शेजारी काढून बघितले की या लेखातला निम्मा मुद्दा आपोआप कळतो.

उज्जैनच्या बाहेरची वैश्य टेकरी याहून वेगळी. सुमारे शंभर फूट उंच, जवळ दोन लहान टेकाडं. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांनी १९३८-३९ च्या सुमारास तिथे काम केलं आणि तो विटांचा स्तूप ठरला. विदिशेच्या वैश्याची मुलगी आणि अशोकाची राणी देवी, हिच्याशी लोकांनी टेकरीचं नाव जोडलं आहे. गर्द्यांनी त्याच काळात जवळची कुम्हार टेकरीही खणली आणि तिथे माणसांचे सांगाडे मिळाले. शेजारशेजारच्या दोन टेकऱ्या, लांबून सारख्या, आत अगदी निराळ्या. देवासची टेकरी तर निव्वळ नैसर्गिक डोंगर. लोकांच्या तोंडी सगळ्याच टेकऱ्या.

दगडांनी आखलेली खरी दफनं पाहायची तर इंदूरकरांनी नागपूरच्या नातेवाईकांकडे गेल्यावर काटोल रस्त्यावरचं जुनापाणी गाठावं. तिथे शेकडो शिळावर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅकने १८६७ मध्ये त्यातली काही खणली, १९६१ मध्ये बा. कृ. थापर यांनी तीन. काठावर मोठ्या काळ्या दगडांचं कडं, आत गोटे, मुरूम आणि काळी चिकण माती यांचा भराव, मधोमध उंच. खाली काळी-तांबडी भांडी, आडव्या पट्ट्या मारलेल्या लोखंडी कुऱ्हाडी, आणि काही ठिकाणी घोड्याची हाडं तांब्याच्या साजासकट. कड्याच्या दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले असतात, ते शोधताना पाण्याने दगड ओला करावा आणि तिरक्या उन्हात बघावा. ही वर्तुळं लोहयुगातली, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. त्यांना नवाश्मयुगीन म्हणू नये. खंदक शोधत बसू नका, तो नसतो.

भारतातलं खरं नवाश्मयुगीन टेकाड हवं असेल तर दक्षिणेकडे, कर्नाटक-तेलंगणाच्या पट्ट्यात जावं लागेल. उतनूर, कुपगल, कुडतिनी, बुदिहाळ इथे राखेचे ढिगारे आहेत. गुरांच्या कोंडवाड्यात साठलेलं शेण पुन्हा पुन्हा पेटवून ते झाले, काही थर इतके तापले की काचेसारखे वितळले. एकोणिसाव्या शतकात कुणी त्यांना ज्वालामुखीची राख म्हटलं, कुणी भट्टीचा मळ. रॉबर्ट ब्रूस फूटने शेणाचं निदान बरोबर केलं. १९५७ मध्ये उतनूरला फ्रँक रेमंड ऑल्चिन यांना कुंपणाच्या खांबांचे खळगे आणि गुरांच्या खुरांचे ठसेही मिळाले. ही आग वर्षाच्या ठरावीक सणाला लावत असावेत, आणि होळीसारख्या आपल्या अग्नीच्या सणांशी तिचं नातं असावं, असं त्यांनी सुचवलं. इथेही खंदक नाही, कारण ढिगाचा माल जमिनीतून आलाच नाही, गोठ्यातून आला.

आता मोजायचं कसं ते. महागडी साधनं नकोत. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी १५ मीटर, ३० मीटरची टेप, सुतळी, खुंट्या, दोन सरळ काठ्या सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या, आणि दोन माणसं. बांधाला काटकोनात एक रेघ धरा. ती टेकाडाच्या पायथ्याशी सुरू करायची नाही. दोन्ही बाजूंना सपाट जमिनीत किमान दहा-दहा मीटर पुढे जाऊन सुरू करायची. नवख्याचं काम हमखास इथेच वाया जातं. रेघ टेकाडावरच थांबते आणि बुजलेला खंदक मोजमापात येतच नाही. दर मीटरला उंची घ्या, शिवाय जिथे उतार बदलतो तिथे जादा. नळीत बुडबुडा राहिला की पाच-सात सेंटिमीटरची चूक सहज होते, म्हणून पाणी भरल्यावर नळी उभी धरून टिचक्या मारा, आणि दर दहा नोंदींनंतर पहिल्या खुंटीवर परत येऊन आकडा जुळतो का बघा. पाण्यात निळीचे दोन थेंब टाकले की उन्हात पातळी नीट दिसते.

मग हिशोब. समजा खंदकाचं तोंड ६ मीटर, तळ २ मीटर, खोली २ मीटर. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ८ चौरस मीटर. उकरलेली माती साधारण पाव पट फुगते, म्हणजे नवा बांध १० चौरस मीटरच्या घरात. पुढे तो दबतो, धुपतो, आणि आज ७-८ मिळाला तर जमलं. पण समजा बांध १४ आणि दिसणारा खंदक फक्त ४ आला, तर दोन शक्यता: खंदक बराच बुजला आहे, किंवा माती दुसरीकडूनही आणली. कोणती, हे खणल्याशिवाय सांगता येत नाही, आणि खणायचं नाही. नाला, रस्त्याची कापणी, जुनी विहीर, पडलेला काठ, यांत आयता छेद मिळतो का ते बघा. सिंहस्थाच्या निमित्ताने उज्जैनभोवती रस्ते-पुलांची कामं निघतात तेव्हा असे छेद चार दिवस उघडे असतात, मग त्यावर काँक्रीट येतं. फोटो काढताना पट्टी उभी धरा, नाहीतर फोटो शोभेचाच.

पीक बघून गाडलेला खंदक ओळखायची युक्ती इंग्लंडमध्ये फार चालते. १९२५ मध्ये विमानातून गव्हातले गडद ठिपके दिसले आणि वुडहेंज सापडलं. बुजलेल्या खंदकात ओल जास्त, तिथे पीक उंच आणि उशिरा पिवळं होतं. खडूवर किंवा वाळूवर हा फरक उठून दिसतो. माळव्याच्या खोल काळ्या मातीत सगळीकडेच ओल धरलेली असते, त्यामुळे गव्हात फारसं काही दिसत नाही. जिथे काळी माती हात-दोन हातच आहे आणि खाली मुरूम, तिथे मात्र हरभऱ्यात फरक पडू शकतो. त्यापेक्षा पहिल्या पावसानंतर जमीन वाळताना बघा. पांढरीची राखट माती आधी फिकी पडते, काळी उशिरा. गूगल अर्थवर जुन्या तारखांची छायाचित्रं उलटून एप्रिल-मेची आणि ऑक्टोबरची शेजारी लावा. जमिनीवरून बघायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी उजाडल्यावरचा पहिला तास. त्या तिरक्या उन्हात वीतभर खोलीचा चरही सावली टाकतो, दुपारी बारा वाजता तोच चर गायब.

कायद्याचं थोडक्यात. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, शेत स्वतःचं असलं तरी. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरात परवानगीने, हे २०१० च्या दुरुस्तीपासून थेट कायद्यात आहे. नांगरताना नाण्यांचा हंडा वर आला तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, दहा रुपयांवरच्या किमतीचं जे सापडेल ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. खापरं गोळा करून घरी नेऊ नका. जागेवरून हललेल्या खापराचा अभ्यासाला फारसा उपयोग नसतो. जिथे आहे तिथेच फोटो, शेजारी पट्टी, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, आणि शेतात त्या वेळी कोणतं पीक होतं ते. रेघ कुठून कुठे धरली याच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांशही लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तीच रेघ पुन्हा मोजता येईल आणि टेकाड किती कमी झालं ते आकड्यांत सांगता येईल.